ऑपेराचं म्युझिकल करायचंय? आधी गाणी बाजूला ठेवा

इटालियन संगीतकार पुच्चिनीच्या ‘ला बोएम’ या ऑपेराचा पहिला अंक. पॅरिसमधली माळ्यावरची खोली, नाताळची आदली रात्र, भाडं थकलेलं. शेगडीत घालायला लाकूड नाही म्हणून रोदोल्फो या कवीने स्वतःच्या नाटकाचं हस्तलिखितसुद्धा जाळून झालंय. तेवढ्यात शेजारी राहणारी, भरतकामावर पोट भरणारी मिमी विझलेली मेणबत्ती पेटवून घ्यायला येते. तिची किल्ली पडते, वाऱ्याने दोघांच्याही मेणबत्त्या विझतात. अंधारात चाचपडताना किल्ली त्याला सापडते आणि तो ती गुपचूप खिशात टाकतो. मग हाताला हात लागतो आणि पुढची दहा-बारा मिनिटं ऑपेरातलं सगळ्यात लाडकं संगीत वाजतं.

आमच्या हौशी ग्रुपने या ऑपेराचं म्युझिकल, म्हणजे गाण्यांतून पुढे जाणारं नाटक, करायचं आणि हा प्रसंग उचलून आजच्या पुण्यात ठेवायचं ठरवलं. पहिल्याच वाचनाला मागे बसलेल्या एका पोराने विचारलं, “दादा, ती मोबाइलचा टॉर्च का नाही लावत?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तोवर माझी तीन गाणी लिहून झाली होती, त्यातल्या दोन गाण्यांना चाली बांधून झाल्या होत्या आणि कीबोर्डवाल्याला आगाऊ पैसेही दिले होते. सगळं उलट्या क्रमाने झालं होतं. तुमचं तसं होऊ नये म्हणून हे लिहितोय. पाठीशी मोठी संस्था नाही, हातात दहा-पंधरा माणसं, एक हार्मोनियम, एक कीबोर्ड आणि तालमीला मिळालेला एखादा हॉल आहे, अशांना यातलं बरंचसं कामी येईल.

१. ऑपेरा निवडणं आणि हक्क तपासणं

आधी दोन-तीन ऑपेरा नीट बघा. मुंबईत असाल तर एनसीपीए या कलाकेंद्रात न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेराचे प्रयोग पडद्यावर दाखवतात, सबटायटल्ससकट. नुसतं रेकॉर्डिंग ऐकून निवड करू नका. कानाला गोड लागणारं पुष्कळ असतं, पण तिसऱ्या अंकात रंगमंचावर नक्की काय चाललंय ते डोळ्यांनी बघावं लागतं. आवडलेल्या ऑपेराचा ‘व्होकल स्कोअर’ मिळवा, म्हणजे गायकांच्या ओळी आणि खाली पियानोवर उतरवलेला वाद्यवृंद. जुन्या ऑपेरांचे असे स्कोअर आयएमएसएलपी या संकेतस्थळावर फुकट मिळतात.

पात्रं कमी, एक ठसठशीत इच्छा आणि कोरस कापला तरी उभी राहणारी गोष्ट, एवढं असेल तर पुढे जा. ‘आयडा’सारखी मिरवणुकीची ऑपेरा पहिल्या खेपेला नको.

आता हक्क. भारतात लेखक किंवा संगीतकार वारला की पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून साठ वर्षं कॉपीराइट चालतो. पुच्चिनी १९२४ मध्ये गेला, म्हणजे त्याचं सगळं मोकळं, असं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. ऑपेराचे शब्द लिहिणारा माणूस वेगळा असतो आणि त्याचीही तारीख बघावी लागते. ‘ला बोएम’चे दोन्ही शब्दकार, जाकोझा आणि इलिका, अनुक्रमे १९०६ आणि १९१९ मध्ये वारले, त्यामुळे तिथे अडचण नाही. पण पुच्चिनीचीच ‘जान्नी स्कीकी’ घ्या. मृत्युपत्र, प्रेताभोवती जमलेले लोभी नातेवाईक, मेलेल्या म्हाताऱ्याच्या जागी पलंगावर झोपून खोटं मृत्युपत्र सांगणारा बेरकी माणूस. तासाभराची, एकांकिका स्पर्धेसाठीच जणू बेतलेली. तिचा शब्दकार फोर्झानो १९७० मध्ये गेला, म्हणजे त्याच्या शब्दांवर आपल्याकडे २०३० सरेपर्यंत हक्क आहे. यातून पळवाट नव्हे, पण सरळ वाट एक आहे. ती कथा मुळात जुना इटालियन कवी दान्तेच्या ‘इन्फर्नो’च्या तिसाव्या सर्गातल्या उल्लेखावरून आलीये आणि दान्ते सगळ्यांचा आहे. मुळाकडे जा, तिथून स्वतःची गोष्ट रचा.

‘तुरान्दोत’मध्येही असाच खड्डा आहे. पुच्चिनी ती अपुरी ठेवून गेला. नेहमी वाजतो तो शेवट फ्रांको आल्फानोने पूर्ण केलेला, आणि आल्फानो गेला १९५४ मध्ये. भारतात तोही आता सुटलाय, पण अशी तारीख बघायची सवय लागली पाहिजे.

आणखी दोन गोष्टी. ऑपेरा मोकळी असली तरी तिचं अलीकडचं भाषांतर किंवा रेकॉर्डिंग मोकळं नसतं, त्यामुळे सीडीवरून ट्रॅक उचलून त्यावर गायचं नाही. आणि त्या ऑपेरावरून कुणी आधीच म्युझिकल केलं असेल तर ते त्याचं आहे. तो कोणत्या वाटेने गेला ते शिका. त्याची पात्रं आणि गाणी मात्र त्याच्याकडेच राहू द्या.

२. संगीत बंद करून गोष्ट सांगा

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ घालवा. आम्ही ती टाळली आणि दोन महिने वाया घालवले.

ऑपेरात संगीत इतकं काम करत असतं की गोष्टीतली भोकं दिसत नाहीत. दोन माणसं दहा मिनिटांच्या ओळखीत एकमेकांवर जीव टाकतात आणि आपण मान डोलावतो, कारण खाली व्हायोलिनं वाजत असतात. ती काढून घेतली की काय उरतं ते बघायचं. ऑपेरा कधीही न ऐकलेल्या माणसासमोर चहा घेत बसा आणि गोष्ट सांगा. मी ती आमच्या लाइटवाल्याला सांगितली. ‘ला बोएम’चा तिसरा अंक सांगत होतो. थंडीची पहाट, शहराच्या वेशीवरचा नाका, मिमी झाडाआड उभी आहे. रोदोल्फो मित्राला आधी सांगतो की मी तिच्या उनाडपणाला कंटाळलो, मग खरं बोलतो. तिला क्षय आहे, माझी खोली बर्फासारखी गार, माझ्याकडे राहिली तर मरेल, म्हणून मी भांडण काढून तिला घालवतोय. आणि ती हे सगळं ऐकतेय. लाइटवाला चहाचा कप हातात धरून म्हणाला, “म्हणजे पैसे नाहीत म्हणून प्रेम सोडलं, आणि कारण दुसरंच सांगितलं.”

सापडलं. तोवर मी मेणबत्तीला धरून बसलो होतो. या गोष्टीचा खिळा तिसऱ्या अंकात आहे. गरिबीची पहिले दोन अंक थट्टा होते, मग ती एकदम अंगावर येते. आणि पहिल्या अंकात काय महत्त्वाचं? मेणबत्ती नव्हे. किल्ली सापडूनही त्याने सांगितली नाही, ते. एका गोड खोट्याने सुरू झालेली गोष्ट एका कडू खोट्यावर येते.

एवढं एका पानात मावलं की ते पान तालमीच्या हॉलच्या भिंतीवर चिकटवा. पुढे प्रत्येक भांडणात ते उपयोगी पडेल, आणि भांडणं होणारच आहेत.

३. काय ठेवायचं, काय टाकायचं

इथे जुन्याजाणत्यांनी वेगवेगळे रस्ते धरले आहेत.

पहिला, चाली ठेवायच्या आणि शब्द व गाव बदलायचं. अमेरिकी गीतकार ऑस्कर हॅमरस्टीनने १९४३ मध्ये ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या नाट्यगृहांच्या भागात, ‘कारमेन जोन्स’ आणलं. बिझेच्या ‘कारमेन’ या ऑपेराच्या चाली बहुतांश तशाच ठेवल्या, पण स्पेनमधला सिगारेटचा कारखाना उचलून महायुद्धातल्या अमेरिकेत पॅराशूट बनवणारा कारखाना केला आणि बैलांशी लढणारा एस्कामिलो मुष्टियोद्धा झाला. सगळे कलाकार कृष्णवर्णीय. हॅमरस्टीनने मधली गाऊन म्हणायची वाक्यंही काढून टाकली आणि साधे संवाद घातले. मूळ ‘कारमेन’ १८७५ मध्ये पॅरिसच्या ओपेरा-कोमीक नाट्यगृहात झाली तेव्हा तिच्यात संवादच होते, ती गाऊन म्हणायची वाक्यं नंतर गिरो या संगीतकाराने चढवली. एका बाबतीत मात्र या प्रयोगापासून सावध राहा. हॅमरस्टीनने कृष्णवर्णीयांच्या तोंडी स्वतःच्या कानाने ऐकलेली तोडकीमोडकी इंग्रजी घातली, आणि आज ती वाचताना अवघडल्यासारखं होतं. शहरात बसून पात्राला वऱ्हाडी किंवा मालवणी बोलायला लावण्याआधी ती बोली घरात बोलणारं कुणीतरी तालमीला बसवा.

दुसरा, गोष्ट ठेवायची आणि संगीत पूर्ण नवं करायचं. पुच्चिनीच्याच ‘मादाम बटरफ्लाय’वरून १९८९ मध्ये लंडनला आलेलं ‘मिस सायगॉन’ याच वाटेचं. संगीतकार शोनबर्गला एका मासिकात फोटो दिसला होता. विमानतळावर एक व्हिएतनामी आई आपल्या मुलीला अमेरिकेत बापाकडे पाठवते आहे. त्या एका फोटोमुळे ‘बटरफ्लाय’ची नागासाकीतली गोष्ट सायगॉनला गेली. फोटो नसता तर नुसता ‘आधुनिक करू या’ एवढ्या इच्छेवर ती गेली नसती, असं मला वाटतं.

तिसरा रस्ता वाकडा आहे. सांगाडा घ्यायचा आणि अर्थच उलटवायचा. इंग्रज लेखक जॉन गेच्या १७२८ च्या ‘बेगर्स ऑपेरा’त लोकांच्या ओठांवरच्या ६९ चाली होत्या, चोर-दलालांच्या तोंडी. बरोबर दोनशे वर्षांनी बर्लिनमध्ये एलिझाबेथ हाउप्टमानच्या भाषांतरावरून नाटककार ब्रेश्ट आणि संगीतकार कुर्ट वाइल यांनी त्याची ‘थ्रीपेनी ऑपेरा’ केली. वाद्यवृंद म्हणून सातच वादक, एकेक जण अनेक वाद्यं वाजवणारा. आणि पन्नास वर्षांनी, १९७८ मध्ये, तीच गोष्ट पुलंच्या लेखणीतून ‘तीन पैशाचा तमाशा’ होऊन थिएटर अकादमीच्या मंचावर आली. दिग्दर्शन जब्बार पटेलांचं आणि नायक नंदू भेंडे, म्हणजे रॉक गाणारा माणूस. लंडन, बर्लिन, पुणे. प्रत्येक ठिकाणी चाली तिथल्या रस्त्यावरच्या.

नवख्यांनी कुठला रस्ता धरावा? माझं मत दुसरा. पहिल्यात मूळ चालींवर मराठी बसवताना जीव जातो (ते पुढे सांगतो) आणि तिसऱ्याला पुलं लागतात.

४. गाव आणि काळ बदलताना

इथे ‘रेंट’ या अमेरिकी म्युझिकलकडे बघायलाच हवं. जोनाथन लार्सनने ‘ला बोएम’ उचलून न्यूयॉर्कच्या ईस्ट व्हिलेजमध्ये ठेवली. पात्रं एकास एक सापडतात. रोदोल्फो गाणी लिहिणारा रॉजर झाला, चित्रकार मार्चेल्लो कॅमेरा घेऊन फिरणारा मार्क, तत्त्वज्ञ कोलीने कॉलिन्स, भाडं मागणारा बेन्वा झाला बेनी. मिमी मिमीच राहिली, पण भरतकामाऐवजी क्लबात नाचायला लागली. मेणबत्तीही राहिली. हरवते मात्र किल्लीऐवजी हेरॉइनची पुडी.

पण नावं जुळवली म्हणून काम झालं नाही. लार्सनची खरी चाल आजारात होती. क्षयाच्या जागी त्याने एड्स ठेवला, कारण त्याच्या न्यूयॉर्कमध्ये एड्सने त्याचेच मित्र जात होते. त्याने एकट्या मिमीला आजारी ठेवलं नाही. रॉजर, कॉलिन्स, एंजल, सगळ्यांना तोच विषाणू. ‘बिचारी आजारी मुलगी’ हा प्रकारच संपला. सगळे एका होडीत बसले.

आता आपल्याकडे बघा. आम्ही आधी आंधळेपणाने लार्सनच्या मागे गेलो आणि क्षयाच्या जागी दुसरा आजार शोधत बसलो. ग्रुपमधली एक फिजिओथेरपिस्ट मुलगी म्हणाली, “का बदलताय? आपल्याकडे टीबी कुठे गेलाय?” बरोबरच होतं. आपल्याकडे टीबी आहे, पण त्याचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं आणि साधारण सहा महिन्यांत माणूस बरा होतो. मग आमची मिमी का मरते? दोन महिन्यांत बरं वाटतं म्हणून ती गोळ्या सोडते. रूममेटला कळलं तर खोली सोडावी लागेल म्हणून गोळ्या लपवते. हे लपवणं पुन्हा त्या खिशातल्या किल्लीशी जाऊन भिडलं, आणि आम्हाला दुसरा अंक सापडला.

म्हणून गाव बदलताना मी तीन गोष्टी विचारतो. तिथे टंचाई कशाची आहे, लोक लपवतात काय, आणि घरमालक कोण? तिसऱ्याला हसू नका. ‘ला बोएम’ आणि ‘रेंट’ दोन्हींत भाड्यावरूनच पडदा हलतो.

सणाचंही असंच. नाताळच्या जागी दिवाळी हे कुणालाही सुचेल. पण का? आम्हाला कारण सापडलं मेसच्या दारावरच्या पाटीत. दिवाळीत मेस आठवडाभर बंद असते. गावी जायला पैसे नसलेले किंवा घरी तोंड दाखवायची सोय नसलेले तेवढे आमच्या नाटकातल्या वाड्यात उरतात आणि उपाशी राहतात. बाहेर फटाके. पॅरिसमधल्या थंडीचं काम आमच्याकडे बंद मेसने केलं.

आणि मोबाइलचा टॉर्च? वाड्याची लाइट गेलेली, दोघांच्या फोनमध्ये दोन-तीन टक्के बॅटरी, आणि दोघांनाही घरून फोन येण्याची वाट बघायची आहे. टॉर्च लावला की फोन मेला. पोराचं समाधान झालं. माझंही.

५. गाणं कुठे लागतं

आता, इतक्या उशिरा, गाण्यांकडे या.

बहुतेक ऑपेरांत सगळंच गायलं जातं, त्यामुळे ‘हा माणूस एकदम गायला का लागला’ हा प्रश्नच येत नाही. बोलून-गाऊन चालणाऱ्या नाटकात तो दर वेळी येतो. ‘रेंट’ आणि ‘मिस सायगॉन’ जवळजवळ अखंड गायली जातात हे मला माहीत आहे, पण ते करायला अख्खी रात्र सुरात बोलू शकणारी माणसं लागतात. तुमच्याकडे तीन गाणारी आणि आठ बोलणारी असणार.

आम्ही केलं ते असं. संपूर्ण नाटक गद्यात लिहिलं, एकही गाणं नाही. मग वाचन केलं आणि पेन्सिल घेऊन बसलो. जिथे वाचणाऱ्या नटाचा आवाज आपोआप चढला, किंवा वाक्य अर्धवट सोडून तो दुसऱ्याकडे बघायला लागला, तिथे खूण. पहिल्या अंकात अशा चारच खुणा झाल्या. मी आधी लिहिलेल्या तीन गाण्यांपैकी एकही त्या जागांवर नव्हतं. ती तिन्ही गेली.

मराठी माणसाला इथे एक जास्तीचा मोह असतो. आपल्या रक्तात संगीत नाटक आहे. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ केलं तेव्हापासून आपण पदासाठी गोष्ट थांबवत आलोय आणि वन्समोअर देत आलोय. मलाही ते आवडतं. पण म्युझिकलमधल्या गाण्याने गोष्ट पुढे न्यावी लागते. गाणं सुरू होताना पात्र जिथे होतं तिथेच गाणं संपल्यावर असेल, तर ते गाणं कितीही सुरेल असो, कापा. आमच्या एका तालमीला शेवटच्या अंकात पाहुण्यांनी हौसेने वन्समोअर दिला. हार्मोनियमवाल्याने सवयीने पुन्हा सुरुवात केली आणि मरायला टेकलेली आमची नायिका उशी सरकवून पुन्हा गायला बसली.

पुच्चिनीने मरणाच्या जागी काय केलंय तेही बघून ठेवा. मिमी मरते त्या क्षणी तिला आरिया, म्हणजे एकट्याने गायचं मोठं गाणं, नाही. ती झोपल्यासारखी पडली आहे, इतर खोलीत वावरताहेत, आणि रोदोल्फोचा मित्र शोनार सगळ्यात आधी ओळखून हळूच, जवळजवळ बोलल्यासारखं मार्चेल्लोला सांगतो. रोदोल्फोला शेवटी कळतं. अख्खी रात्र गाणाऱ्या ऑपेराने सगळ्यात मोठ्या जागी गाणं काढून घेतलंय.

६. चालीवर मराठी बसवताना

संगीत नवं करायचं ठरवलं तरी मूळची एखादी ओळ ठेवावीशी वाटते. लार्सननेही ठेवली आहे. त्याचा रॉजर गिटारवर ‘ला बोएम’मधल्या मुझेत्ता या पात्राच्या वॉल्ट्झची चाल छेडत बसलेला असतो. आम्ही ठरवलं की हाताला हात लागतो तेवढीच पुच्चिनीची ओळ ठेवायची. इटालियनमध्ये ती आहे ‘के जेलिदा मानिना’, म्हणजे किती गार हा चिमुकला हात. सात अक्षरं. सुरुवात एकाच सुरावर, जणू पोरगा बोलायला घाबरतोय.

मी पहिल्या फटक्यात लिहिलं, ‘किती गार हा हात’. कि-ती-गा-र-हा-हा-त, मोजून सात. खूष झालो. तालमीत पोराने गायलं आणि सगळे फिस्सकन हसले. एकाच सुरावर ‘हा हा’ आल्यावर प्रेक्षकाला हसण्याशिवाय दुसरं काय ऐकू येणार? शिवाय ‘गार’मधला ‘र’ आणि ‘हात’मधला ‘त’ आपण बोलताना मोकळे म्हणतच नाही. गाताना ते ताणले की मराठी परकी वाटायला लागते.

अक्षरं मोजून भागत नाही. जोर कुठे पडतो ते बघा. ‘के जे-लिदा मा-नी-ना’ मध्ये जोर दुसऱ्या आणि सहाव्या अक्षरावर आहे. तिथे मराठीत दीर्घ अक्षर यायला हवं, आणि जमलं तर अर्थाचं वजनही. शेवटी आलं ते ‘किती गारठली बोटं’. कि-ती-गा-रठ-ली-बो-टं. दुसऱ्यावर ‘ती’, सहाव्यावर ‘बो’. ‘हात’ जाऊन ‘बोटं’ आली, तीही बरी, कारण अंधारात किल्ली शोधताना आधी बोटंच लागतात.

एका ओळीला दोन संध्याकाळी गेल्या. आता अख्ख्या ऑपेराचा हिशोब तुम्हीच करा. म्हणून म्हटलं, दुसरा रस्ता.

७. गळे, पट्टी आणि माइक

‘के जेलिदा मानिना’ ही आरिया डी फ्लॅटमध्ये आहे, म्हणजे आपल्या काळी एकमध्ये. पट्टी ओळखीची वाटली म्हणून फसू नका. शेवटाकडे टेनॉर, म्हणजे उंच पट्टीत गाणारे पुरुष गायक, जो प्रसिद्ध वरचा ‘सी’ लावतात तो काळी एकच्या तार सप्तकातला शुद्ध निषाद होतो. मोठमोठे टेनॉरही ही आरिया अर्धा सूर खाली उतरवून गायले आहेत, तेव्हा तुमच्या नायकाने पांढरी सहा किंवा पाच मागितली तर मान द्या.

ऑपेराचा गायक माइकशिवाय साठ-सत्तर वाद्यांच्या वर आवाज काढतो आणि असं काम रोज करत नाही. बाझ लुरमनने २००२ मध्ये ‘ला बोएम’ इटालियनमध्येच ब्रॉडवेवर आणली तेव्हा आठवड्याला आठ प्रयोगांसाठी नायक-नायिकेच्या तीन जोड्या आळीपाळीने गायच्या. तुमच्याकडे एकच जोडी असणार. गाणी तिच्या बोलण्याच्या पट्टीजवळ ठेवा. आणि नाट्यसंगीत शिकलेले गळे मिळाले तर भाग्यच, पण पहिल्या दिवशीच सांगा की इथे तान नाही.

वाद्यं कमीच असू द्या. ‘रेंट’ पाच जणांच्या बँडवर उभं राहिलं. आम्ही कीबोर्ड, गिटार, तबला-काहोन मिळून एक जण आणि हार्मोनियम यांवर भागवलं. रेकॉर्डेड ट्रॅक स्वस्त पडतो, पण ट्रॅक कुणासाठी थांबत नाही. नटाची एंट्री चुकली की तो तसाच पुढे जातो आणि नट मागे धावतो. कॉलर माइक भाड्याने घेणार असाल तर रंगीत तालमीआधी निदान एकदा तरी सगळ्या कपड्यांसकट लावून बघा. आमच्या नायिकेची शाल प्रत्येक मिठीत माइकवर घासायची, आणि प्रेमाच्या जागी प्रेक्षकांना फक्त खर्रर्र ऐकू यायचं.

८. कागद

कंटाळवाणं आहे, पण लवकर करा. कल्पना कुणाची, संहिता कुणाची, गाणी कुणाची, चाली कुणाच्या, हे पहिल्या वाचनाआधी एका कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. ‘ला बोएम’ न्यूयॉर्कला आणायची कल्पना मुळात बिली ॲरनसन या नाटककाराची होती. लार्सनने पुढे एकट्याने काम करायचं ठरवलं तेव्हा त्याच्याकडून तशी परवानगी घेतली. संहितेवर सल्लागार म्हणून काम केलेल्या लिन थॉमसन यांनी मात्र नंतर सहलेखक म्हणून हक्क सांगितला. १९९८ मध्ये अपील कोर्टाने तो नाकारला, पण तोवर वकिलांचं चांगलंच भागलं असणार. लार्सन हे काहीच बघायला नव्हता. पहिल्या प्रिव्ह्यूच्या दिवशी, २५ जानेवारी १९९६ ला पहाटे तो गेला, पस्तिसाव्या वर्षी. नाटक पुढे ब्रॉडवेवर ५,१२३ प्रयोग चाललं.

महाराष्ट्रात जाहीर प्रयोग करायचा तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. संहिता पाठवताना गाण्यांचे शब्दही जोडा आणि ऐन वेळी गाणी बदलू नका.

वाचनं मात्र जितकी जमतील तितकी करा, आणि नाटकवाल्यांपुरती ठेवू नका. ‘मादाम बटरफ्लाय’ फेब्रुवारी १९०४ मध्ये मिलानला सपशेल आपटली. पुच्चिनीने ती मागे घेतली, फेरफार केले आणि मे महिन्यात ब्रेश्शाला पुन्हा आणली, तेव्हा ती उभी राहिली. पुच्चिनीला तीन महिने लागले तर आपल्याला सहा लागोत.

आमचं शेवटचं वाचन एका खऱ्याखुऱ्या वाड्यातल्या खोलीत झालं, पंधराएक माणसं दाटीवाटीने बसलेली. मेणबत्तीचा प्रसंग आला, पोराने ‘किती गारठली बोटं’ गायलं, कुणी हसलं नाही. मला वाटलं, झालं. संपल्यावर घरमालकीणबाई चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, “दिवाळीत कुठली एवढी थंडी रे? आणि टीबीच्या माणसाला तर संध्याकाळी कणकण असते. आमच्या भावाला होता ना.”

खोलीत कुणी काही बोललं नाही. पोराने माझ्याकडे बघितलं, मग मोबाइलवर काहीतरी टाइप केलं आणि बसल्या जागी हळूच गाऊन बघितलं, त्याच एका सुरावर: ‘किती तापली ही बोटं’. कि-ती-ताप-ली-ही-बो-टं. सात. दुसऱ्यावर ‘ती’, सहाव्यावर ‘बो’. नायिकेने आपला हात त्याच्या हातातून झटकन काढून घेतला. संहितेत तसं नव्हतं, पण आता आहे.